चिठ्ठीवर नुसतं ‘विडी सोडा’ लिहू नका
(तालुक्यातल्या सर्व डॉक्टरांना एका औषधविक्रेतीचं खुलं पत्र)

आदरणीय डॉक्टरसाहेब, आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांची, अण्णांची, फाईल अजून माझ्या कपाटात आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती हाताला लागली, तेव्हा सगळे केसपेपर जमिनीवर पसरून मी मोजले. ११ वर्षांचे ६४ कागद, तीन वेगवेगळ्या दवाखान्यांचे. त्यांतल्या २९ कागदांवर औषधांची यादी संपल्यावर खाली ‘स्टॉप स्मोकिंग’ असं लिहिलेलं आहे. काही ठिकाणी त्याखाली दोन-दोन रेघा आहेत. एका कागदावर तर पेन इतकं दाबून चालवलंय की मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षरं लागतात. ते लिहिणाऱ्या डॉक्टरांना अण्णांची काळजी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण कसं सोडायचं, हे ६४ पैकी एकाही कागदावर नाही.

सिन्नर तालुक्यात गेली १९ वर्षं मी मेडिकल चालवते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या चिठ्ठ्या रोज माझ्या काउंटरवर येतात. तुमचं अक्षर मी ओळखते, तुमची औषधं लिहिण्याची पद्धत ओळखते. आणि अण्णा आजारी होते त्या ११ वर्षांत मी स्वतः फार्मासिस्ट असूनही त्यांना एवढंच म्हणत होते, “अण्णा, सोडा ना आता ती विडी.” त्यामुळे हे पत्र कुणाकडे बोट दाखवायला लिहीत नाही. जे मला तेव्हा कळायला हवं होतं ते आता कळलंय, आणि ते तुमच्या चिठ्ठीवाचून माझ्या एकटीच्याने होणार नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या भागात विडी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. माझी आजी विड्या वळायची. दुपारी ओट्यावर बायका बसायच्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची ओली पानं, बाजूला तंबाखूची ढिगली. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हजार विड्यांवर मजुरी. त्या मजुरीवर अण्णा शिकले, त्यांच्या दोन्ही बहिणींची लग्नं झाली. घरात विडी ही धान्यासारखी पडलेली असायची. अण्णांनी पहिली विडी ओढली तेव्हा ते १२ वर्षांचे होते. म्हणून इथल्या माणसाला विडी वाईट असं एकदम म्हटलं की त्याला ते स्वतःच्या आईबद्दल बोलल्यासारखं वाटतं. हे तुम्ही लक्षात घ्यावं असं मला वाटतं, कारण तुमच्यापैकी बरेच जण बाहेरून इथे आलेले आहात.

आणि ‘विडीच तर आहे, सिगारेट थोडीच आहे’ हे वाक्य तर माझ्या काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं, विडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि जोरात घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त आत जातं. २००८ साली भारतातल्या मृत्यूंचा मोठा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे १० वर्षांनी, विडी ओढणाऱ्या पुरुषांचं ६ वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या बायकांचं ८ वर्षांनी कमी होत असल्याचं दिसलं. आपल्याकडे अजून ठाण मांडून बसलेल्या टीबीचा या धुराशी असलेला संबंध तर तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्हाला ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते, कारण ती तुमच्याच व्यवसायाची आहे. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून तुम्ही धूम्रपान करता का, किती करता, असं विचारलं. सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांची नोंद पुढे ५० वर्षं ठेवली गेली. कोण कशाने गेलं, कोण किती जगलं, सगळं. २००४ साली त्याचा शेवटचा हिशेब छापून आला. ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली ३ वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६, चाळिशीत ९, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळीच. डॉल स्वतः सिगारेट ओढायचे, आधीच्या अभ्यासाचे आकडे हाती येऊ लागले तेव्हा त्यांनी सोडली. म्हणजे सोडून काय मिळतं, याचा जगातला सगळ्यात भक्कम पुरावा डॉक्टरांनी स्वतःच्या आयुष्यातून दिलेला आहे. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ असं म्हणणाऱ्या ६० वर्षांच्या माणसाला मी हेच सांगते. तीन वर्षं म्हणजे नातीचं लग्न.

अण्णांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आखडून कायमची धाप लावणारा फुप्फुसांचा आजार होता. लंडनमधल्या कामगारांच्या फुप्फुसांची क्षमता वर्षानुवर्षं मोजून फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ साली जे मांडलं, ते तुम्ही कॉलेजात शिकलेलेच असाल. गेलेली क्षमता परत येत नाही, पण धूर थांबला की घसरणीचा वेग न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. त्या आजारात ही घसरण थोपवणारं याच्या तोडीचं दुसरं काही नाही. दम्याचं म्हणाल, तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये पंपातल्या स्टेरॉइडचा गुणही कमी येतो. हृदयाचा आजार झालेल्यांमध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका चालू ठेवणाऱ्यांच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने घटतो. अ‍ॅस्पिरीन आणि कोलेस्टेरॉलची गोळी लिहायला तुम्ही कधी विसरत नाही. त्यांच्या तोलाचा हा उपाय मात्र चिठ्ठीच्या तळाशी दोन शब्दांत, उपदेश म्हणून उरतो.

आता अण्णांनी सोडायचे जे तीन प्रयत्न केले त्यांच्याबद्दल सांगते.

पहिल्यांदा त्यांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि सोडली. चौथ्या दिवशी पहाटे परसाकडेला गेले ते अर्ध्या तासाने तसेच परत आले. “विडीशिवाय पोट साफ होत नाही गं,” एवढंच म्हणाले. तुम्हाला हे वाक्य नवीन नसेल. निकोटीनने आतडं हलतं, ते बंद झालं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं, हे खरंच आहे. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, सकाळी दोन पेले पाणी आणि गावकुसापर्यंत एक फेरी, एवढ्याने ते निभावतं. पण हे कुणी सांगितलंच नाही, तर माणूस सातव्या दिवशी विडी पेटवतो आणि वर स्वतःच्या श्रद्धेला बोल लावून घेतो. अण्णांनी माळ उतरवली तेव्हा ते रडले होते. मी त्यांना रडताना दोनदाच पाहिलं, त्यातली ही एक वेळ.

दुसरा प्रयत्न दोन दिवस टिकला, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. गॅरेजातली सोबतीची माणसं, चहाची वेळ, पुढे आलेली विडी.

तिसरा प्रयत्न मात्र मला आजही झोपू देत नाही. तेव्हा अण्णा श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या थिओफायलीनच्या गोळ्या घेत होते. विडी सोडून आठवडा झाला होता आणि त्यांचे हात थरथरायला लागले. छाती धडधडायची, मळमळायचं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घरातले सगळे म्हणाले, विडी एकदम सोडली म्हणून होतंय. मीही तेच म्हणाले. नवव्या दिवशी त्यांनी विडी ओढली, दोन-चार दिवसांत ते सगळं शमलं आणि त्यांनी मला समजावलं, “बघ, शरीरालाच ती लागते. आता नको बोलूस.” त्यानंतर त्यांनी कधीच प्रयत्न केला नाही.

ते गेल्यावर दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात मी ऐकलं की तंबाखूच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत थिओफायलीन भराभर संपवतं. धूर बंद झाला की आठवड्याभरात यकृताचा तो वेग उतरतो, त्याच गोळीची रक्तातली पातळी वाढते, आणि डोस कमी केला नाही तर हात थरथरतात, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते. मी त्या हॉलमधून उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. अण्णांची रक्ततपासणी कुणी केली नव्हती, त्यामुळे तेच झालं होतं असं छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही. पण ती गोळी त्यांना माझ्याच दुकानातून जात होती. त्या आठवड्यात एक फोन डॉक्टरांना करून डोसबद्दल विचारायला हवं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

म्हणून माझी पहिली विनंती ही. थिओफायलीनवर असलेला रुग्ण विडी-सिगारेट सोडतोय असं म्हणाला, तर त्याला आठवड्याच्या आत परत बोलवा. मानसिक आजाराची क्लोझॅपिन गोळी चालू असेल तर तिचंही हेच. चहा-कॉफीतलं कॅफीनही याच वाटेने शरीरातून जातं. दिवसाला आठ चहा पिणाऱ्या माणसाने धूर सोडला की तेच आठ चहा त्याला दुप्पट चढतात आणि तो म्हणतो सोडल्यापासून चिडचिड होते. त्याला चहा निम्म्यावर आणायला सांगा. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं.

दुसरी गोष्ट औषधांची. विडी-सिगारेट सोडवण्याची औषधं आहेत, आणि ती काही नवलाईची राहिलेली नाहीत. निकोटीनचा गम आणि अंगाला चिकटवायची पट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या गोळ्या २०२१ पासून. आपल्या देशाच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीतही निकोटीन आलं. तरीही माझ्या १९ वर्षांत निकोटीन गम लिहिलेल्या चिठ्ठ्या मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकते. लोक टीव्हीवर जाहिरात बघून येतात आणि चॉकलेट मागावं तसं गम मागतात.

त्यातल्या एकाचं सांगते. टेम्पो चालवणारे एक दादा, वय चाळिशीच्या आसपास, दोन मिलिग्रॅमच्या गमचं एक पाकीट घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आले ते संतापूनच. “ताई, हे काय दिलंत? नुसत्या उचक्या लागतात, घसा जळतो, पोटात आग पडते. आणि तलफ तशीच.” मी म्हटलं, माझ्यासमोर एक खाऊन दाखवा. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि पानसुपारी चघळावी तशी दणादण चावायला सुरुवात केली, वर टपरीवरचा चहा. पाच मिनिटांत गम संपला. निकोटीन सगळं लाळेबरोबर पोटात गेलं, तिथे त्याचा काही उपयोग नाही, नुसता त्रास. ते गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात शिरायला हवं.

मी त्यांना स्टुलावर बसवून घड्याळ लावून शिकवलं. हळूहळू चावा. तोंडात चुणचुण झाली, तिखटसर चव आली की थांबा. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, जसा तंबाखूचा बार ठेवतात तसा. चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावा, दुसऱ्या गालात ठेवा. एक गम अर्धा तास चालला पाहिजे. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत काही नाही. आणि तलफ अंगावर येईपर्यंत वाट बघत बसू नका. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग तीन आठवडे दोन-चार तासांनी, मग आणखी तीन आठवडे चार-आठ तासांनी.

“सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट कधी?” असं विचारल्यावर ते म्हणाले, “अंथरुणातच.” इथे माझा हात अडला. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला ओढावी लागते त्याला दोन मिलिग्रॅमचा गम कमी पडतो, चारचा लागतो. दोनचा मी चिठ्ठीवाचून देऊ शकते, चारचा नाही. मी त्यांना तुमच्यातल्याच एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी चार मिलिग्रॅमचा गम लिहून दिला, जोडीला पट्टीही लिहिली, आणि कागदावर तारीख टाकली की अमुक सोमवारी सिगारेट बंद, पुढच्या सोमवारी मला येऊन भेटा. ते डॉक्टर हे पत्र वाचत असतील तर त्यांना सांगते, त्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. टेम्पो अजून माझ्या दुकानासमोरच उभा राहतो. दादा मध्ये एकदा घसरले, मेहुण्याच्या लग्नात तीन सिगारेटी ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आले. मी म्हटलं, तीनच ना? पाकीट तर नाही ना घेतलं? मग गम चालू ठेवा. बहुतेकांना एकाहून जास्त वेळा सोडावी लागते. घसरलेल्या दिवशी माणसाला रागावलं की तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

पट्टी आणि गम एकत्र दिले तर एकट्या गमपेक्षा जास्त लोकांची सुटते, हे आता पुरेसं सिद्ध झालंय. व्हॅरेनिक्लिन माझ्याकडे कायम नसते, चिठ्ठी आली तर मागवून देते. ती सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करायची, पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, पुढचे चार दिवस दोन वेळा, मग एक मिलिग्रॅम दोन वेळा, एकूण १२ आठवडे. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली नाही तर मळमळतं, आणि स्वप्नं फार पडतात, हे आधीच सांगून ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस तुम्हाला बघावा लागेल. या गोळीने डोक्यावर परिणाम होतो अशी भीती मी काही डॉक्टरांच्याही तोंडून ऐकली आहे. २०१६ साली आठ हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मानसिक आजार असलेलेही होते. औषध नसलेल्या नकली गोळीच्या तुलनेत तसा धोका ठळकपणे वाढलेला दिसला नाही, आणि त्याच वर्षी अमेरिकेने गोळीच्या खोक्यावरचा तो ठळक इशारा काढून टाकला. बुप्रोपिऑन फिट येणाऱ्याला चालत नाही, बाकी तुम्ही जाणताच.

पेशंटच्या मनात एक भीती हमखास असते, की गममध्येही निकोटीनच, मग फरक काय? फरक धुराचा आहे. व्यसन लावतं ते निकोटीन, पण कॅन्सर करणारं, फुप्फुस कुरतडणारं, रक्तवाहिन्या खराब करणारं विडी-सिगारेटमधलं जवळजवळ सगळं धुरातून येतं. हे मी सांगितलं तर लोक म्हणतात, ताईंना गम विकायचाय. तुम्ही सांगितलं तर ऐकतात.

तुमच्या वेळेची मला कल्पना आहे. संध्याकाळी बाकड्यावर ३० माणसं बसलेली, बाहेर पाच-सहा पोरं रडतायत, अशात तुम्ही तंबाखूवर काय बोलत बसणार? पण १९७९ साली लंडनमधल्या २८ फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत मायकेल रसेल यांनी नेमकं हेच करून पाहिलं. दोन हजारांहून जास्त सिगारेट ओढणारे पेशंट. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या एका गटाला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत सोडायला सांगितलं, एक पत्रक दिलं आणि पुढे तुमची चौकशी होणार आहे असं बजावलं. वर्षभर पक्की सुटलेले पहिल्या गटात ०.३ टक्के होते, दुसऱ्यात ५.१ टक्के. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण तेव्हा त्यांच्या हातात औषधं नव्हती, होती ती फक्त दोन मिनिटं. तुमच्याकडे महिन्याला ओढणारे शंभर पेशंट येत असतील, तर हिशेब तुम्हीच मांडून बघा.

आणि लोकांची तयारी नसते, असंही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं. वर्षभरात दवाखान्यात गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांनाच डॉक्टरांनी किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांनी सोडायला सांगितलं होतं. निम्म्यांहून जास्त लोक काही न ऐकता औषध घेऊन घरी गेले.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायचं आहे. “सिगारेट ओढता का?” असं विचारलं की आपल्याकडचा माणूस प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो, कारण तो विडी ओढतो. त्याच पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणून “तंबाखू कुठल्या रूपात घेता?” असंच विचारावं. बाईला तर मिसरीचं नाव घेऊनच विचारावं लागतं, आणि सासू बाहेर असताना. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिसरी, तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. आपल्याकडे आधीच सव्वादोन किलोची बाळं जन्मतात. हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे, इथे एवढंच.

पैशाचा प्रश्न आहेच, तो मी टाळणार नाही. विडीच्या बंडलाच्या मानाने गमचं पाकीट कितीतरी महाग पडतं. सिगारेटवाल्याला परवडतं, विडीवाल्या मजुराला नाही. राष्ट्रीय यादीत नाव आलं म्हणजे तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर गम मिळू लागला असं होत नाही. मागणी कागदावर दिसल्याशिवाय पुरवठा हलत नाही. म्हणून परवडणार नाही असं वाटलं तरी चिठ्ठीवर लिहाच. तुमच्यापैकी जे सरकारी दवाखान्यात आहेत त्यांनी मागणीपत्रकात निकोटीन गम आणि पट्टी टाकावी, दर तिमाहीला टाकावी. आमच्या केमिस्ट मंडळींच्या सह्यांचं निवेदन लागलं तर मी स्वतः दुकानोदुकानी फिरून सह्या आणीन.

तोवर एक गोष्ट फुकट आहे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन २०१६ पासून चालू आहे. २०१८ पासून हा नंबर विडी-सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पण आपल्याकडे बरीचशी विक्री सुट्टी. राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, टपरीवर मात्र अजून एक-दोन सुट्ट्याच घेतल्या जातात, मग पाकिटावरचा नंबर घेणाऱ्याच्या नजरेस पडणार कुठून? तो तुमच्या चिठ्ठीवर पडू द्या. तुमच्या लेटरहेडवर खाली दवाखान्याच्या वेळा छापता, त्याच्याखाली या एका ओळीला जागा होईल.

शेवटी माझ्या बाजूने काय करीन ते सांगते. तुम्ही चिठ्ठीवर एवढंच लिहा: तंबाखू कुठली आणि दिवसाला किती, पहिली उठल्यावर किती वेळाने, सोडण्याची तारीख, औषध, आणि परत कधी यायचं. गम कसा चावायचा ते मी काउंटरवर बसवून शिकवीन. चहा, इसबगोल, टपरीवरून जायचा रस्ता बदलणं, तलफ आली की पाच मिनिटं हाताला काम देणं, हे सगळं मी बोलीन, ते तुम्ही माझ्यावर सोडा. वजन वर्षभरात चार-पाच किलो वाढू शकतं, तेही आधीच सांगेन, म्हणजे नंतर घाबरून विडीकडे जायला नको. सोडल्यापासून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मी पेशंटला फोन करीन, कारण पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त माणसं घसरतात. थिओफायलीन चालू असेल तर त्याच दिवशी तुम्हालाही फोन येईल, मग दवाखान्यात कितीही गर्दी असो. कृपया तो उचला.

पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी दोन ते चार माझं दुकान फक्त यासाठी उघडं असेल. एक टेबल, दोन स्टुलं आणि एक वही ठेवली आहे. वहीच्या पहिल्या पानावर टेम्पोवाल्या दादांची तारीख लिहिली आहे, त्याखालची जागा रिकामी आहे. चिठ्ठ्या पाठवा.

आपली नम्र,
सिन्नर तालुक्यातली एक औषधविक्रेती